तिसऱ्या चारीचं दार

तुषार, ती बॅटरी विझव आधी. भुताच्या गोष्टीला उजेड लागत नाही, उगाच डास जमा होतात. तर ऐका. देवळाली प्रवरेच्या अलीकडे आमचा मच्छिंद्र राहतो. अजून आहे, उद्या जाऊन विचारा. फक्त हरभऱ्याचं नाव काढू नका, शिव्या घालतो.

चौऱ्याण्णव सालची पौषातली अमावस्या. मच्छिंद्र जेवून उठला, घोंगडी खांद्यावर टाकली, फावडं आणि कंदील घेतला आणि पाटाच्या तिसऱ्या चारीवर निघाला. काम एवढंच, की आपल्या शेतात पाणी सोडायचं लोखंडी दार रात्रभर बंद ठेवायचं.

वाटेत पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी सूर्यभान भेटला. "लोकं पाण्यासाठी डोकी फोडत्यात आन् तू पाणी अडवाया चाललाय? अख्ख्या पाटावर असा येडा न्हाई, मच्छिंदर!"

"तुला हसाया काय जातंय? रान माझं सडलंय."

ते खरंच होतं. धरण झालं, पाट आला, सगळ्यांनी ऊस लावला. पाण्याची पाळी आली की गरज असो नसो, पाणी घ्यायचंच. पाळी सोडायची म्हणजे काय! वीस वर्षं जमिनीत मुरलेलं ते पाणी हळूहळू वर आलं. मच्छिंद्रचं रान सखल. आधी ऊस पिवळा पडला, मग विहीर मचूळ झाली, मग मातीवर मीठ फुटलं. सगळं चिबड, पाय रुतेल असं. साहेब लोक आले, पिशवीत माती भरून घेऊन गेले, ते काही परत आले नाहीत. शेवटी त्यानं आणि बायकोनं, सुमननं, उन्हाळाभर खपून पाणी निचरायला चर खोदला, अर्धा एकर वाळवला आणि हरभरा पेरला. पण तो पहिला हरभरा गेल्या साली कुणीतरी रात्रीतून दार उघडून बुडवला. यंदा पुन्हा फुलात आला होता. एकदा पाणी साचलं की संपला.

म्हणून मच्छिंद्र दारावरच ठाण मांडून बसला.

मध्यरात्र झाली. चारीत पाण्याचा खळखळाट. बाकी चिडीचूप. आणि पलीकडच्या काठावर... कुणीतरी उकिडवं बसलेलं.

"कोन हाय?"

मच्छिंद्रनं कंदील वर धरला.

"सूर्यभान, चेष्टा नगं."

तो माणूस खोकला. कोरडा, खडीच्या धुळीचा खोकला. मच्छिंद्रच्या अंगावर काटा आला. हा खोकला त्यानं विशीत असताना रात्र रात्र ऐकला होता. त्याचा बाप, रखमाजी. दुष्काळात खडी फोडली, धरणावर माती वाहिली आणि पाटाला पाणी सुटायच्या आदल्या उन्हाळ्यात गेला. थेंब पाहिला नाही. मच्छिंद्रचे केस आता पिकलेले. बापाचे काळेभोर...

"मच्छ्या... आपली पाळी हाय."

"नाना..."

"दार उघड."

"नगं, नाना. रान मेलं पाण्यानं."

"पाण्यानं?" बाप हसला. "पाण्यानं कुटं रान मरतंय व्हय?"

आता याला काय सांगायचं? जिवंत माणसांना सांगून तोंड दुखलं होतं. मच्छिंद्रची भीती गेली आणि संताप उसळला. "येवढी तहान हाय तर प्या की समदं! पर माझा हरभरा सोडा!"

बाप उठला. पाण्यावरून आला. पाणी हललं नाही. मच्छिंद्रच्या बुडाखाली लोखंड गार पडलं... आणि दार वर उचललं गेलं. तो बाजूला पडला. हात उचलेना. तोंडातून आवाज निघेना. पाणी रानात शिरलं. त्यामागून बाप गेला. मधोमध मांडी घालून बसला आणि ओंजळीनं पाणी प्यायला लागला.

घट... घट...

घट...

उजाडताच सुमन चहा घेऊन आली. सगळा हरभरा पाण्याखाली.

"रातभर बसून हेच राखलं व्हय?"

"नाना आल्ते."

"मंग त्यान्लाच सांगा आता पानी काढाया!" ती चिडून रानात शिरली आणि मध्येच थबकली.

चहूकडे घोटाभर पाणी. मध्ये एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी जागा... ठणठणीत कोरडी. बोट जाईल अशा भेगा. हरभरा तिथलाही गेला होता, पण जळून. पाण्याविना.

सुमननं ओंजळभर पाणी भेगेत ओतलं. मुरलं.

आणखी ओतलं.

मुरलं...