गाडीचा ताप

पेणमध्ये गणपतीच्या दोन कारखान्यांच्या मधोमध सुजय ठाकूरचं गॅरेज होतं. दोन्ही बाजूंनी शाडूची धूळ यायची आणि समोरून, त्याच्या मते, अडाणी गिऱ्हाईकं. पुण्याच्या एका कारखान्यात चार वर्षं इंजिनं तपासून तो गावी परतला होता, आणि गावाला त्या चार वर्षांची काडीची कदर नव्हती. लोक येत, बॉनेटवर थाप मारत आणि म्हणत, "जरा बघा ना, आवाज करते." कसला आवाज, केव्हापासून, कुठून, हे सांगणारा माणूस त्याला इथे अजून भेटायचा होता.

चैत्रातल्या एका सकाळी धरमतरच्या खाडीकाठाहून एक जुनी डिझेल जीप आली. चालवत होता निलेश. शेजारी त्याची सासू गिरजाबाई, मिठागरात उभं राहून राहून टाचा फुटलेली. जीप तिच्या नवऱ्याची, महिपतीची. बारा वर्षं तो डोलवीच्या कंपनीतल्या कंत्राटी कामगारांची ने-आण करत होता. पाच दिवसांपासून तो तापाने रोह्याच्या दवाखान्यात पडून होता, म्हणून त्याच्या शिफ्टा आता जावई मारत होता.

"गाडीला ताप येतो, शेट," निलेश म्हणाला.

"गाडीला ताप येत नाही. गाडी गरम होते. काटा किती दाखवतो?"

"काटा मेलाय कवाचा. पन हात लावला का कलतं. बंद असली तरी गरम लागते."

"उन्हात उभा केलेला पत्रा गरमच लागणार. त्याला काय थंडी वाजेल?"

निलेश खाली बघत हसला. गिरजाबाई हसली नाही. आरशाला तिने कसलासा काळा दोरा बांधला होता. असले दोरे बांधायचे आणि पाणी मात्र वेळेवर तपासायचं नाही, ही या लोकांची रीत, सुजयच्या मनात आलं. त्याने नवा आकड्यांचा मीटर बसवायचं ठरवलं. काटा यांना वाचता येणार नाही, आकडा तरी येईल.

गाडी दोन-तीन तास सावलीत निवू दिल्यावर रेडिएटरमधलं पाणी त्याने बालदीत काढलं. ते थंड होतं. मग रेडिएटरचा वरचा रबरी पाइप ब्लेडने कापला तेव्हा गिरजाबाईने मान फिरवली, कोंबडी कापताना फिरवावी तशी. कापलेल्या जागी पितळी जोड घालून त्याने दोन्हीकडून क्लिपा आवळल्या, जोडात सेन्सर पिळून बसवला, वायर आत ओढली, चावीवरून करंट घेतला. कूलंट भरून पाइप दाबदाबून हवा काढली. काम नेटकं झालं होतं. बघणाऱ्यांना त्यातलं काही कळणार नव्हतं, ते सोडा.

त्याने चावी फिरवली. मीटर फॅरनहाइटवर होता. इंजिन चालू करायच्या आधी हवेइतका, नव्वदच्या आसपास आकडा यायला हवा होता.

आकडा आला एकशे दोन.

त्याने पाइपला हात लावला. पाइप थंड होता.

सेन्सर काढून त्याने हवेत धरला. नव्वद. शेजारच्या टपरीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवला. दोनशे दहा. सेन्सरमध्ये खोट नव्हती. परत पाइपात बसवला. एकशे दोन. अर्थिंगची वायर चांगली घासून जोडली. एकशे दोन.

"किती दावतो?" गिरजाबाईने विचारलं.

"एकशे दोन."

ती जवळ आली. "सकाली त्यांना पन येवराच होता. डागतर बोलला."

सुजयने निलेशकडे बघितलं. हे तूच ऐकून घे, अशा नजरेने. मग त्याने सेन्सरची वायर उपटून हातात घेतली. आता पडद्यावर नुसत्या रेघा यायला हव्या होत्या.

एकशे दोन. थोड्या वेळाने, एकशे तीन.

गिरजाबाईने पदराचं टोक बालदीत भिजवलं, पिळलं आणि बॉनेटवर ठेवलं. कपाळावर पट्टी ठेवावी तसं. आकडा एकाने उतरला.

"हे बघा मावशी," सुजय म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मीटर बिघडलेला असू शकतो. तुमचं डोकं पण. गाडी गाडी असते. आता चालू करतो. इंजिन तापलं की हा एकशे ऐंशीवर जाईल आणि तिथेच थांबेल. डोळ्यांनी बघा."

"नको चालू करू बाबा."

त्याने वायर परत जोडली आणि स्टार्टर मारला.

एकशे तीन. एकशे चार.

इंजिन धडधडत होतं. वरच्या पाइपला आता हात लावता येत नव्हता. मीटर एकशे पाचवर होता.

"बंद कर," गिरजाबाई म्हणाली. "तुझ्या पाया परते."

सुजयने ॲक्सिलेटर दाबला. एका मिठागरवालीपुढे तो हार मानणार नव्हता.

एकशे सहा.

एकशे सात.

मग आकडा थांबला. इंजिन तसंच गुरगुरत होतं, पाइप तसाच कढत होता, आणि आकडा उतरू लागला. शंभर. अठ्ठ्याण्णव. पंच्याण्णव.

गिरजाबाई खाली बसली.

निलेशचा फोन वाजला. त्याची बायको नम्रता, रोह्याहून, बापाच्या उशाशी बसलेली. निलेशने ऐकलं आणि तो सासूच्या शेजारी उकिडवा बसला.

सुजयने चावी काढली. पडदा विझला नाही. त्यावर नव्वद होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जीप परत आली. निलेशचं डोकं भादरलेलं होतं. गिरजाबाई मागच्या बाकावर होती.

"काढून टाका मीटर," निलेश म्हणाला.

"का? चालत नाही?"

"मसनात गाडी भायेर उभी होती. बंद. चावी माज्या खिशात. सरन पेटला तसा आकडा चरत गेला. दोनशे. चारशे. मंग मी बघितला नाय."

"यात तीनशेच्या वर आकडा येतच नाही," सुजय म्हणाला.

निलेशने चावी त्याच्यापुढे धरली.

सुजयने बॉनेट उघडलं. पाइप दाबून बघितला. आत पाणी डुचमळलं. खाली बालदी लावून त्याने पान्याने सेन्सर पिळून काढला.

पाणी आलं नाही.

सेन्सरचं टोक कोरडं होतं. त्याला बोटभर राख चिकटली होती, पांढरट, मऊ.

त्याने फडक्याला हात घातला.

"पुसू नको बाबा," गिरजाबाई म्हणाली. ती कधी खाली उतरली, त्याला कळलं नव्हतं. तिने त्याच्यापुढे पदर पसरला.