सेनापतीची पिचकारी

काकाच्या पायाच्या अंगठ्यात दात रुतवून सेनापती लोंबकळत होता. काका दुसऱ्या पायावर नाचत होता. नाचता नाचता त्याने आधी टीपॉय पाडलं, मग कुंडी आणि शेवटी स्वतःला.

"सोडव याला, ठिणगे!"

"ओढू नकोस काका, आणखी रुततात," ठिणगी म्हणाली. हा काही काकाला बसलेला पहिला चावा नव्हता, त्यामुळे तिला चांगला सराव झाला होता.

सेनापती हा ठिणगीचा पांढरा ससा. वजन दोन किलो, त्यात दीड किलो राग. आधी हा अगदी गरीब होता. पण सुट्टी लागली आणि त्याचं काहीतरी बिनसलं. काकाच्या बुटात, काकाच्या पिशवीवर, काकाच्या खुर्चीवर तो लघवीची पिचकारी मारी आणि मग खुद्द काकावर तुटून पडे.

आत्या रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका होती. तिने भावाच्या अंगठ्याला पट्टी बांधली, जरा घट्टच.

"या घरात ससा राहील नाहीतर मी," सेनापती घरात आल्यापासूनचं वाक्य काका पुन्हा म्हणाला. "रविवारी याला मित्राच्या मळ्यावर सोडतो. तिथे चार शिकारी कुत्रे आहेत. सोबत होईल."

ठिणगीने सेनापतीला उचलून पाठीमागे घेतलं.

"लघवीचं दुखणं असेल तर जनावर वेदनेने चावतं," आत्या म्हणाली. "आधी डॉक्टरांना दाखवा. आजार निघाला तर उपचार. नुसता माज निघाला तर मळा."

म्हणून ठिणगी, तिचा धाकटा भाऊ गुंडू आणि ऊठसूट पुरावा मागणारी शेजारची 'वकील', अशी तिघं जनावरांच्या दवाखान्यात बसली होती. सेनापती आजारी निघावा, अशी तिघंही मनोमन प्रार्थना करत होती. तेवढ्यात एका दांडग्या कुत्र्याने टोपलीत नाक खुपसलं. आतून झणझणीत लाथ आली. कुत्रा मालकाच्या मांडीवर चढून रडू लागला.

"हा ससाच आहे ना?" मालकाने विचारलं.

"फार आजारी आहे हो," गुंडू आशेने म्हणाला.

डॉक्टरीणबाईंच्या हातांवर जुन्या चाव्यांची नक्षी होती. "कुढत बसतो? जोर करतो? लघवी थेंब थेंब होते?"

"नाही. शेपटी वर आणि थेट पिचकारी," ठिणगी म्हणाली.

त्यांनी पोट चाचपलं, लघवी तपासली, एक्स-रे काढला. तेवढ्यात सेनापतीने मदतनिसाचा चष्मा फोडला आणि त्याच्या मनगटातून रक्त काढलं.

"खडा नाही, सूज नाही. ठणठणीत आहे."

ठिणगीला मळ्यावरचे चार कुत्रे दिसू लागले.

"थोडासा तरी आजार लिहा ना," गुंडू काकुळतीने म्हणाला.

"आजार नाही रे, हे युद्ध आहे. दुसऱ्या नराचा वास आला की नर ससा अशी हद्द आखतो आणि चवताळतो. घरात दुसरा ससा आहे?"

"नाही."

"मग वास कुणीतरी बाहेरून आणतंय."

'वकील'चे डोळे चमकले. "पुरावा काढू या."

घरी येऊन त्यांनी ओळीने मांडले आत्याचे बूट, काकाच्या घरात घालायच्या चपला आणि काकाचे दुकानात जायचे बूट. सेनापती आत्याच्या बुटाशी कान खाजवत बसला. चपला त्याने हुंगून सोडल्या. मग तिसऱ्या जोडीवर त्याने झेप घेतली. चावे, लाथा, नाडीच्या चिंध्या आणि वर पिचकारी.

"दुकान," वकील म्हणाली.

दुकानात काका सोफे दुरुस्त करायचा. खुर्चीचं कापड निवडायचं निमित्त करून मुलांनी आत्याला सोबत घेतलं. सेनापतीसकट टोपलीही घेतली.

काका दारात हात पसरून उभा राहिला. "आज दुकान बंद."

"आतून कुरतडल्यासारखा आवाज येतोय तो कसला?" आत्याने विचारलं.

"उंदीर."

ठिणगीने टोपलीचं झाकण उचललं. सेनापती काकाच्या तंगड्यांमधून सुटला, तो थेट फोमच्या गठ्ठ्यांमागे. लगेच धपाधप सुरू झालं. केसांचे पुंजके उशी फाटल्यासारखे उडू लागले. एक तपकिरी ससा आणि एक पांढरा, एकमेकांना घट्ट आवळून, मागच्या पायांनी पोटं ओरबाडत गडगडत बाहेर आले. तपकिरीचा कान फाटला होता.

"सोड! माझ्या बाळाला सोड!" काका मध्ये पडला. दोघांनी त्याचा एकेक हात वाटून घेतला.

आत्याने सोफ्याचं कापड दोन्ही सशांवर फेकलं आणि एकेकाला अलगद गुंडाळून वेगळं केलं. दुकानात फक्त काकाचं कण्हणं उरलं.

"बाळाला?" आत्या म्हणाली.

"कुणीतरी रस्त्यात टाकून दिला होता गं," काका पुटपुटला. "घरी कसा आणणार? 'ससा राहील नाहीतर मी' असं म्हणून बसलो होतो ना."

"आणि आमच्या सेनापतीला कुत्र्यांपुढे टाकणार होतास," ठिणगी म्हणाली. काकाने मान खाली घातली.

त्याच दुपारी दोघंही डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपकिरीच्या कानाला टाके पडले. राग उतरावा म्हणून दोघांची एक लहानशी शस्त्रक्रियाही ठरली. तोवर घरी एक आतल्या खोलीत, एक बाहेरच्या.

"जे मोठ्यांना नाकासमोर दिसलं नाही, ते तुम्ही सशाच्या नाकाने शोधलंत," आत्या मुलांना म्हणाली. "शाब्बास रे."

"मग रविवारी मळ्यावर कोण जाणार?" गुंडूने विचारलं.

आत्याने काकाच्या दोन्ही हातांच्या पट्ट्यांना शेवटची गाठ मारली.

"ससे तर राहतायत," ती म्हणाली. "तू मित्राला कळवून ठेव, येतोय म्हणून."