सांगलीहून आलेले उसने सर

एस.टी.तून उतरलेल्या त्या तरुणाने लाकडी पेटी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती.

"अहो, इथलं कॉलेज कुठंय?"

"त्या समोरच्या गुळाच्या गोदामात," अंजना म्हणाली.

"आणि गूळ?"

"त्याला काढलं बाहेर. मुंगळे मात्र अजून वर्गात बसतात... फी न भरता."

तो मोठ्याने हसला. अंजनाने जीभ चावली आणि भराभर चालू लागली. परक्या माणसाशी ती एवढं कधी बोलली नव्हती.

बासष्ट साली कोल्हापूरला विद्यापीठ आलं आणि आमच्याकडे गावोगावी कॉलेजं निघू लागली, तेव्हाची ही गोष्ट. वडूजच्या वाटेवरच्या पिंपळगावातही एक निघालं. पण बी.एस्सी.चे पुढचे वर्ग चालवायला विद्यापीठाची परवानगी हवी होती, आणि त्यासाठी तपासणीला समिती येणार होती. तिथंच शिकणाऱ्या अंजनाचं सगळं त्यावरच अडलं होतं. तिचे वडील धोंडिराम रस्त्याच्या कामावर मुकादम. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "वर्ग हितं निघाला तर शीक. साताऱ्याला एकटी धाडायची न्हाई. मग उन्हाळ्यात लगीन."

कॉलेजात सूक्ष्मदर्शकच नव्हते. प्राचार्यांनी ते सांगलीच्या एका कॉलेजातून तपासणीपुरते उसने मागवले. एक छातीशी धरून आणि बाकीचे एस.टी.च्या टपावरच्या पेट्यांत घेऊन आलेला तरुण म्हणजे जालिंदर, तिथला नवा शिक्षक.

मांडामांड करायला अंजना होती. त्याने कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला.

"काय दिसतं?"

"विटांची भिंत... लय सुंदर."

"मी नाही ना दिसत मध्ये?"

"तुम्ही काय, भिंग न लावताही दिसता—" ती बोलून गेली, आणि दोघंही कितीतरी वेळ पेट्या पुसत राहिली.

समिती आली. प्राचार्यांनी घाईघाईत जालिंदरलाही "आमचे शिक्षक" म्हणून पुढे केलं. त्याची मान खाली गेली. समितीचे म्हातारे अध्यक्ष सगळं उमजून म्हणाले, "वर्गांची शिफारस करतो. पण जूनमध्ये पुन्हा येईन. ही यंत्रं आणि हे शिक्षक, दोन्ही इथंच दिसले पाहिजेत."

यंत्रं संस्था विकत घेणार होती. माणसाचं काय?

संध्याकाळी स्टँडवर वारा सुटला होता. जालिंदर तिला म्हणाला, "इथं पगार कमी आहे, त्याचं काही नाही. पण आलो, तर मी तुमचा शिक्षक. मग असं बोलणं नाही... बघणंसुद्धा नाही. आणि नाही आलो, तर उद्याच तुमच्या वडिलांना भेटून मागणी घालतो. तुम्ही सांगाल तसं."

गाडी लागली.

"मला शिकायचंय... सर."

'सर' ती पहिल्यांदाच म्हणाली होती. तो गाडीत चढला.

जूनमध्ये तो आला. वर्ग सुरू झाले. तो तिला सगळ्यांसारखं 'मिस कांबळे' म्हणे, व्हरांड्यात समोर आली तर बाजूला होई. एकदा काचेने तिचं बोट कापलं. त्याने दुसऱ्या मुलीकडून कापूस पाठवला, स्वतः फळ्याकडे तोंड करून उभा राहिला. हातातला खडू मात्र मोडला होता. दोन वर्षं अशीच गेली. कधीकधी तिला वाटे, विसरला असेल.

ती पास झाली. त्याच संध्याकाळी जालिंदर तिच्या दारात उभा.

"जयभीम," तो धोंडिरामांना म्हणाला. "आजपासून मी तिचा शिक्षक नाही. म्हणून आलोय... तिला मागायला."

धोंडिरामांनी त्याला आत बोलावून बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाले, "मला काय इचारता? तिला शिकिवली कशापायी मग? तिलाच इचारा की."

जालिंदर वळला, पण सवयीने त्याची नजर जमिनीवरच होती.

"आता तरी वर बघा..." अंजना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.