एकोणीस नंबरची पाईल

ओवी, तो हीटर जरा माझ्या पायांकडे वळव. आणि चिराग, फोन उलटा ठेव बघू. वायफाय बंद पडलंय, बाहेर वादळ आहे, आता म्हाताऱ्याचं ऐकण्यावाचून तुम्हाला गत्यंतर नाही. भुताची गोष्ट पाहिजे ना? पांढऱ्या साडीतली, उलट्या पायांची भुतं काही मला ठाऊक नाहीत. माझ्याकडे एकच गोष्ट आहे, नितीशची. आपल्या मागच्या स्लीपआउटमध्ये, त्या अंगणातल्या सुट्या खोलीत, दोन वर्षं भाड्याने राहिला तो. त्याने जशी सांगितली तशी सांगतो, पदरचा मीठमसाला न घालता.

तर नितीश मूळचा चिपळूणकडचा. वडील पुलांच्या कामावर मुकादम. कोकणातल्या खाड्यांवर जे पूल आहेत ना, त्यांतल्या कितीतरी पुलांच्या पाइली त्या माणसाने उभं राहून ठोकून घेतल्या. पाईल म्हणजे काय? अगं, लांबलचक पोलादी खांब. जमीन भुसभुशीत असली की वरून हातोडा घालत घालत तो खाली उतरवायचा, थेट कडक थरापर्यंत, आणि मग त्यावर इमारत उभी करायची. मुकादमाचं शिक्षण सातवी. पण पोराला इंजिनिअर केलं. पोरगा सातासमुद्रापार इथे पापाकुरात आला आणि करतो काय, तर पाइलीच ठोकून घेतो! रक्तातच होतं म्हणा.

नितीश त्यांना आबा म्हणायचा. आबांच्या दोन सवयी लक्षात ठेवा. एक, हातोड्याचे घाव मोजताना ते 'एक' कधीच म्हणायचे नाहीत. धान्य मापताना आपल्याकडे पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात ना, तसंच. लाभ, दोन, तीन, चार. नितीशही तसंच मोजायचा. नितीशचा इथला फोरमन, रावीरी नावाचा माओरी माणूस, पहाडासारखा, त्यालाही ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आणि दुसरी सवय. आबा पाइलीवर खूण खडूने करायचे नाहीत. खडू पावसात धुतला जातो म्हणायचे. तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचा आणि बोटानेच आकडा काढायचा. पाईल किती मीटर जाणार, त्याचा अंदाज. त्यांचा अंदाज सहसा चुकायचा नाही म्हणे.

आता बारा जुलै, दोन हजार चोवीस. शुक्रवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, उगाच खोटं कशाला सांगू?

इथे जवळच एका डे-केअरचं काम चालू होतं. दुमजली इमारत, सत्तर-ऐंशी पोरं येणार. जमीन कशी, तर पूर्वीची दलदल. काळी, ओली, भिजलेल्या पावासारखी. म्हणून चोवीस पाइली. सगळ्या बावीस-तेवीस मीटर खाली गेल्या, तेव्हा कुठे दगड लागला. फक्त एकोणीस नंबरची अकरा मीटरवर अडली. दहा घाव घातले, बोटभरही हलेना. पुस्तकी नियमाने म्हणाल तर ती टेकली. पण दुसराही एक नियम होता. शेजारणींपेक्षा कुणी इतकी आखूड राहिली, तर रात्रभर थांबायचं आणि सकाळी इंजिनिअरच्या समोर पुन्हा ठोकून बघायचं. कारण या दलदलीत कौरीची जुनी झाडं आडवी गाडली गेलेली आहेत. हजारो वर्षांची. पाईल अशा ओंडक्यावर बसली तर दगडावर बसल्यासारखीच वाटते. आणि पुढे कधीतरी ओंडका दबतो.

रावीरी म्हणाला, "ब्रो, हिचा आवाज बरोबर नाही. उद्या मारून बघू."

नितीशला हे कळत नव्हतं? मुकादमाचा पोरगा तो! पण त्याच्या खिशात शनिवार सकाळचं मुंबईचं तिकीट होतं. आबा चिपळूणला हॉस्पिटलात, दोन महिने अंथरुणाला खिळलेले. बहिणीचा, सुनेत्राचा, रोज फोन. दादा, ये आता. आबा दाराकडे बघत असतात. आणि पाइली ठोकायचं मशीन शनिवारी दुपारी दुसरीकडे जाणार, सोमवारी काँक्रीट येणार. उद्या थांबायचं म्हणजे विमान चुकवायचं. आणि पुढची सीट थेट सोमवारची.

नितीशने सही केली. एकोणीस नंबर, ओके.

रावीरीने हातमोजे काढले आणि मशीन झाकायला गेला. 

संध्याकाळी बॅग भरताना त्याच्या लक्षात आलं, पासपोर्ट साइटच्या कंटेनरमध्येच राहिलाय. झेरॉक्ससाठी नेला होता, तो ड्रॉवरमध्येच. मला म्हणाला, "काका, दहा मिनिटांत आलो." मी म्हटलं, "भात लावतोय, लवकर ये." इतकंच.

साइटवर पोचला तेव्हा सात वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. तुम्हाला माहितीच आहे, जुलैत साडेपाचलाच अंधार. पाऊस भुरभुरत होता. गेटचं कुलूप त्याने उघडलं. कंटेनरमध्ये गेला, पासपोर्ट घेतला, खिशात ठेवला. दिवा मालवला. निघणार, तेवढ्यात...

धप्प.

त्याला वाटलं, रेल्वेकडून आवाज आला असेल.

धप्प.

पायाखालची जमीन हलली. पाईल ठोकताना हलते तशीच. मशीन तर कोपऱ्यात, झाकलेलं, कुलूपबंद. हातोडा खाली उतरवलेला. त्याने टॉर्च मारला. मशीन थंडच.

धप्प.

आणि मग मोजणं. अगदी हळू, थकलेल्या माणसाचं.

"लाभ... दोन... तीन..."

 नितीशला आधी वाटलं, रावीरी. पण तो तर पाचलाच घरी गेला होता. आणि हा आवाज... तो काही रावीरीचा नव्हता.

"चार..."

आवाज शेवटच्या रांगेकडून येत होता. वीस. तिच्या अलीकडे एकोणीस. जमिनीतून मीटरभर वर आलेला पोलादी तुकडा. आणि त्यापाशी कुणीतरी वाकलेलं. डोक्याला मफलर. अंगात हाफ स्वेटर. एवढ्या थंडीत, पावसात... पायात चप्पल.

तळहात पाइलीवर टेकवून ऐकत होता तो माणूस.

तंबाखूचा वास आला. चुन्याचा.

"आबा?"

माणसाने मान वळवली नाही. हात तसाच.

"आबा... तुम्ही... इथे कसे?"

 फक्त पाऊस.

मग अगदी घरातल्यासारखं, रोजच्या आवाजात...

"पोकळ वाजते रे, नितू."

बस्स. एवढंच. टॉर्च त्याच्या हातातून चिखलात पडला. वाकून उचलला. उजेड टाकला. पाईल होती. माणूस नव्हता. चिखलात पावलं... ती फक्त नितीशचीच.

आणि खिशातला फोन वाजला. सात चाळीस. तिकडे दुपारचं एक दहा.

सुनेत्रा होती. रडत होती. "दादा... आबा गेले. आत्ता. आत्ताच."

...

थांबा रे. पाणी द्या मला जरा.

तो घरी आला तेव्हा भात निवून गेला होता. खुर्चीवर बसला आणि मला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बहिणीचा पुन्हा फोन आला. म्हणाली, रविवार सकाळपर्यंत ठेवतो आबांना. तुझं उद्याचं विमान आहे ना? येऊन अग्नी दे. एकुलता एक मुलगा आहेस तू.

आणि इकडे एकोणीस नंबर.

त्याने त्याच्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, "तू सही केलीयस, आकडे बरोबर आहेत. सॉरी मेट, तू घरी जा, वडिलांकडे जा." वाईट माणूस नव्हता तो. पण शनिवारी उभं राहायला दुसरा इंजिनिअर नव्हता, आणि इंजिनिअर उभा असल्याशिवाय पाईल ठोकत नाहीत. मीही म्हटलं, "नितीश, जा तू. बापाला अग्नी देणं काय पुन्हा येतं का? काय ते आल्यावर बघ." हो, मीच म्हटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

तो म्हणाला, "काका, त्या शेवटच्या रांगेवर तान्ह्या बाळांची झोपायची खोली येणार आहे."

रात्रभर तो बसून होता. मी पहाटे उठलो तर हा बूट घालत होता, साइटचे. बॅग तशीच कोपऱ्यात. मला म्हणाला, "आबा एवढ्या लांब आले, काका. ते काही मला बोलवायला नाही आले." आणि हमसून हमसून रडला. पस्तिशीचा बाप्या माणूस, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

सकाळी सातला रावीरी आला. नितीशला बघून चकितच झाला. "मी सही मागे घेतो," नितीश म्हणाला. "एकोणीस पुन्हा मार." रावीरीला आदल्या रात्रीचं काहीएक माहीत नव्हतं, हं. तो पाइलीकडे गेला, आणि तिथूनच हाक मारली. "ब्रो, हे कुणी लिहिलंय?"

वर आलेल्या त्या तुकड्यावर पांढरा आकडा होता. रात्रभर पाऊस पडूनही ठसठशीत. बोटाने काढलेला. मराठीत, २३. आणि आकड्याखाली दोन रेघा, आबा ओढायचे तशा.

नितीशने रावीरीला सांगितलं, वडील काल गेले म्हणून. रावीरीने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आणि त्यांच्या माओरी रीतीप्रमाणे त्याच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं.  मग रावीरी मशीनवर चढला, आणि पहिला घाव घालताना तोच मोठ्याने म्हणाला, "लाभ!"

सातव्या घावाला काहीतरी कडाडलं. पाईल एकदम हातभर खाली गेली, आणि तिच्या कडेने काळं पाणी आणि लाकडाचा भुगा वर आला. कौरीचा ओंडका होता. पार सडलेला. वरती दुसरा तुकडा वेल्ड केला, आणि दुपारपर्यंत ठोकत राहिले. दगडावर टेकली तेव्हा नितीशने टेप लावली.

तेवीस मीटर.

चुन्याचा आकडा जमिनीत गेला. तिथेच आहे तो, खोल. वरती आज पोरं झोपतात दुपारची. ओवी, तुझा धाकटा भाऊसुद्धा तिथेच जायचा की.

अग्नी सुनेत्राने दिला. रविवारी, इकडे दुपार होती. नितीशने तो फोनवर पाहिला, याच टेबलाशी बसून. मी शेजारी होतो. आवाज तुटत होता, चित्र थांबत होतं. त्याने हात जोडले ते बराच वेळ सोडलेच नाहीत.

सगळं उरकल्यावर सुनेत्राने पुन्हा फोन केला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं. नितीशने तिला पाइलीचं अवाक्षरही सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर बसला होता तो, मला माहीत आहे. ती थकली होती बिचारी, इकडचं तिकडचं बोलत होती. कोण आलं, कोण नाही. मग तिने आवाज खाली आणला.

"दादा, एक विचारू? दोन महिने त्यांची तंबाखू बंद होती. डबी मी स्वतः घरी आणून ठेवलीय, कपाटात आहे. हॉस्पिटलात त्यांच्या हाताला सलाइन... उठून बसताही येत नव्हतं त्यांना."

"मग?"

"आंघोळ घालताना बघितलं. त्यांच्या बोटाला ओला चुना होता रे."