पायाखालची पाठ

ज्याला पटेल त्यानं मानावं. पण यातला एक शब्दही रचलेला नाही.

बालाघाट जिल्ह्यात, लालबर्र्याजवळच्या एका गावात हे घडलं. रात्र नव्हती. रविवारची सकाळ होती, ऊन ओसरीवर आलेलं.

तुळसाबाई पायाळू. जन्मताना आधी पाय आले, मग डोकं. अशा माणसाचा पाय लागला की कमरेचं दुखणं जातं, असं आमच्याकडे मानतात. रविवारी लोक यायचे, ओसरीवर पालथे पडायचे. तुळसाबाई डाव्या टाचेनं तीनदा दाबायची. तोवर दोघांनीही बोलायचं नाही, हा नेम.

पन्नास वर्षं तिनं हे केलं. त्या टाचेची तिला ऐट होती.

शेजारची अनुसया सात वर्षं कंबर धरून चालली. शेवटी नागपूरला मणक्याचं ऑपरेशन झालं. महिनाभरानं ती कुंपणापाशी आली. सरळ उभी, कमरेला रुंद पट्टा.

"काकी, सहा स्क्रू ठोकले मले. मी आता बाई नाही राह्यली, पलंग झाली."

दोघी हसल्या.

"पण थोडं दुखून राह्यलं अजून. डॉक्टर म्हणे, तीन महिने लागतील. तोवर पाठीले कोणाचा हात लावू देऊ नको."

"मी कुठं हात लावतो?" तुळसाबाई म्हणाली.

थट्टाच होती. पण रविवारी अनुसया खरंच आली. पट्ट्याची चिकटपट्टी ओढून उघडली...

चर्रर्र.

आणि पालथी पडली.

तुळसाबाईला नाही म्हणता आलं असतं.

एकदा दाबलं. दोनदा.

तिसऱ्यांदा टाचेखाली काहीतरी... सरकलं.

अनुसयानं मान वळवून वर पाहिलं. डोळे विस्फारलेले. पण नेम होता. तोंड उघडलं नाही.

संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही पाय गेले. परत नागपूरला नेलं, उपयोग झाला नाही. दोन महिने अंथरुणात, मग ताप, मग संपलं. गाव म्हणालं, ऑपरेशननं मारली. अनुसयानं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

तुळसाबाईनंही नाही.

पट्टा सरणावर ठेवला होता. तो जळताना तिनं स्वतः पाहिला.

पुढच्या रविवारी ती तांदूळ निवडत बसली होती. घरात कुणी नव्हतं. आणि ओसरीवरून...

चर्रर्र.

ओसरी रिकामी होती. कोंबडी दाणे टिपत आली. मध्येच थांबली. माणूसभर लांबीची जागा सोडून, वळसा घालून गेली.

मग दर रविवारी तेच.

तुळसाबाईनं पाय लावणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाली.

दिवाळीनंतर उकव्याहून अनुसयाची धाकटी बहीण आली, पुष्पलता. तिलाही मणक्याचाच आजार. एक पाय बधिर होत चाललेला. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती तिनं सोडली.

"बहिणीचं पाहून कोण जाईल? तुमचा पाय लावा, काकी."

"माहे गुडघे..."

"साऱ्या गावाले लावला. मलेच काहून नाही?"

आणि ती पालथी पडली. नेमकी त्याच जागी.

जा म्हणावं, तर कारण सांगावं लागणार. तुळसाबाईनं टाच उचलली. हळूच खाली आणली...

पाठ अजून वीतभर खाली होती. तरी टाच टेकली.

उबदार. श्वासासरशी हलणारं काहीतरी. पुष्पलतेला वरून झाकून पडलेलं.

तुळसाबाईनं पन्नास वर्षांचा नेम मोडला.

"उठ, पोरी. तुह्या बहिणीले ऑपरेशननं नाही मारलं. म्या मारलं."

सगळं सांगितलं. पुष्पलता उठून बसली.

"तिनं आमाले काहून नाही सांगितलं?"

पुष्पलता पाणीही न पिता गेली.

महिन्याभरात तिचं ऑपरेशन झालं. आज ती चालते, बसनं बैहरला जाते. अनुसयाचा नवरा वसंता मात्र तुळसाबाईच्या दारावरून जाताना मान फिरवतो.

तो आवाज त्या दिवसापासून आला नाही.

पण तुळसाबाईची डावी टाच तेव्हापासून जमिनीला लागत नाही. बोटभर वर राहते. डॉक्टरांनी तपासली, फोटो काढला. काही नाही म्हणाले.

"टेकवा ना पाय नीट, पडसान एखाद्या दिवशी," सून अंजू रोज म्हणते.

"कशी टेकवू?" तुळसाबाई खाली बघत म्हणते. "अनुसया अजून उठली नाही."