अकराचा भाग

समुद्राकडून असा वारा सुटला की नाहीरची छत्री उलटीच झाली. ती सरळ करेपर्यंत एक तरुण तिच्या पुढून बसमध्ये चढला. कंडक्टर उलीसेसने त्याला तिकीट फाडून दिलं आणि तो मिशीत हसला.

"नशीब काढलंस, दार्दो! सात-तीन-आठ, आठ-तीन-सात."

उलटसुलट सारखाच वाचता येणारा आकडा! माँटेव्हिडिओत असं तिकीट कुणी फेकत नाही, पाकिटात जपून ठेवतात.

"ते माझं होतं," नाहीर फणकारली. "छत्रीमुळे गेलं."

"मग छत्रीशी भांडा की!" दार्दो म्हणाला.

"ठेवा तुमच्याकडेच. त्याला अकरानं भाग जातो, बघा."

दार्दोने काचेवरच्या वाफेत बोटाने भागाकार केला. खाली शून्य उरलं.

"योगायोग!"

"सहा अंकी असं कुठलंही तिकीट आणा. भाग जाणारच."

"आणि नाही गेला तर... शनिवारी माझ्याबरोबर नाचायला याल?"

"आधी जिंका तरी!"

नाहीर विद्यापीठात गणित शिकत होती. अशा आकड्यातले एक आड एक अंक मिळवले की दोन्ही बेरजा सारख्याच येतात, म्हणून अकराचा भाग चुकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दार्दो कधीच जिंकणार नव्हता. पण हे सांगितलं, तर तो तिकिटं आणायचा थांबेल... ती गप्प राहिली.

उलीसेस त्याच्यासाठी अशी तिकिटं राखून ठेवू लागला. दार्दो काचेवर भागाकार करी, कपाळावर हात मारी, आणि हरल्याबद्दल नाहीरला बेकरीतला गरम, खुसखुशीत बिस्कोचो खाऊ घाली. त्यांचं अहो-जाहो कधी गळून पडलं, त्यांनाही कळलं नाही.

मग एका शुक्रवारी तो म्हणाला, "सोमवारपासून खाडीपलीकडे, सेर्रोच्या गोदीत सुतारकाम मिळालंय. ही बस सुटली माझी."

नाहीरने त्याच्या हातातलं तिकीट घेतलं – चार-पाच-दोन, दोन-पाच-चार.

"आज मी करते भागाकार."

तिचं बोट काचेवर हळूहळू फिरलं. शेवटी अडखळलं.

"एक उरला," ती खाली बघत म्हणाली. "जिंकलास तू."

दार्दो काचेकडे बघत राहिला.

"चव्वेचाळीसातून चव्वेचाळीस गेले की एक उरतो? कुठल्या विद्यापीठात शिकवतात हे?"

नाहीर लाल झाली.

"भाग नेहमीच जातो, नाहीर. दुसऱ्याच आठवड्यात आलं माझ्या लक्षात."

"लबाडा! मग कपाळावर हात कशाला मारायचास?"

"हरल्याशिवाय तुला बिस्कोचो कसा देणार होतो? आणि तू का नाही सांगितलंस?"

नाहीरने तळव्याने काच पुसून टाकली.

"शनिवारी... किती वाजता?"

"आठ वाजता, पोरी!" पुढून उलीसेस ओरडला. "आणि आता मला तिकिटं नीट फाडू द्या!"

सगळी बस हसली. दार्दोने पाकिटातून एक चुरगळलेलं तिकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. सात-तीन-आठ, आठ-तीन-सात.

"घे. तुझंच होतं."