टॅब दुकानात होता

पटलं नाही तर सोडून द्या... पण यात पदरचं मी काहीच घातलेलं नाही. गेल्या महिन्यात, भर दुपारी, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात हे घडलं.

ताईच्या सासूबाई गेल्या. मागे राहिला त्यांचा टॅब. नातीसाठी आपल्या आवाजात त्यांनी त्यात ढीगभर गोष्टी भरून ठेवल्या होत्या.

चार वर्षांची ठकी त्या ऐकल्याशिवाय झोपायचीच नाही. ताईनं गोष्ट सुरू केली, की तिच्या तोंडावर हात ठेवायची. "तू नको. आजी."

रोज तेच.

एका दुपारी ताईचा तोल गेला. तिनं टॅब उचलला आणि बादलीत बुडवला.

क्षणभरच. लगेच काढला, पुसला, घाबरून चार्जिंगला लावला...

स्क्रीन काळी ती काळीच.

रात्रभर तांदळात ठेवला. काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण उघडलं. आधी बॅटरी सोडवली. मग फटीतून तांदळाचा एक दाणा पडला.

"वहिनी, हे कुकरमध्ये घालायचे असतात," तो हसला. बोर्डावर हिरवट डाग होते. "ओला असतानाच चार्जिंगला लावलात ना? पाणी परवडलं हो, चार्जर नाही. पडला कसा पाण्यात?"

भावजी शेजारीच उभे. आईचा आवाज परत मिळेल म्हणून त्या बोर्डाकडे डोळे लावून.

"ठकीनं पाडला," ताई बोलून गेली.

घरी येऊन भावजी लेकीवर ओरडले. ठकी नुसती ताईकडे बघत राहिली. मग आपणहून आत जाऊन पडली.

टॅब दुकानात. बॅटरी वेगळी, बोर्ड वेगळा.

आणि खोलीतून आवाज आला...

"हं."

शांतता.

"हं... मग?"

गोष्ट ऐकताना ठकी असाच हुंकार देते.

ताईनं दार लोटलं. ठकी एकटीच होती. शेजारची उशी मात्र... मधोमध दबलेली.

"कोणाशी बोलत होतीस गं?"

"आजीशी."

"काय... काय म्हणाली आजी?"

"म्हणाली, तू नाही पाडलास, मला माहितेय. पण बाबांना सांगू नकोस. आईला वाईट वाटेल."

टॅब काही सुरू झाला नाही. ठकी मात्र रोज दुपारी शहाण्यासारखी झोपते.

परवा दुपारी ताईनं फोनवर हे सगळं सांगितलं, तेही कुजबुजत.

"भावजींना खरं सांगून टाक ना," मी म्हटलं. "आणि जरा मोठ्यानं बोल, ऐकू येत नाहीये."

"नको गं," ती म्हणाली. "सासूबाई आत ठकीला झोपवतायत."

तेव्हापासून मी तिला दुपारी फोन करत नाही.